अण्णांच्या ताटातलं अर्धं

अण्णांना क्षय झाला तेव्हा आम्ही तेरला राहायचो. अण्णा म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेत मास्तर होते. उस्मानाबादच्या दवाखान्यात त्यांना सुया सुरू झाल्या, खोकला उतरला, पण अंगावर मांस म्हणून चढेना. डॉक्टरांनी पथ्याच्या बाईंकडे पाठवलं. पथ्य म्हणजे काय खायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. या बाईंनी उलटंच सांगितलं: दूध, अंडी, शेंगदाण्याचा कूट, घट्ट वरण, पोटभर भाकरी. दुखणाइताला पेजेवर ठेवणारी माणसं आम्ही. ऐकून मी चाटच पडले.

आईनं ते फार मनावर घेतलं. शेजारणीची कोंबडी ओरडली की ही वाटी घेऊन दारात हजर. ताट वाढून अण्णांपुढं ठेवायची आणि वारा घालत बसायची. मी पुढचं बघायला कधी थांबले नाही, मला शाळा असायची. काट्यावर मात्र अण्णा दर खेपेला जिथल्या तिथं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघंही बसनं दवाखान्यात गेलो. बाईंनी अण्णांना विचारलं, "वाढलेलं सगळं खाता ना?"

अण्णा टोपी चाचपत राहिले. आईच बोलली, "कुठलं? अर्ध्यात हात धुत्यात."

"मग उरलेलं?"

"म्याच खाते की. त्येंच्याच ताटात."

"तुम्ही वेगळं ताट का घेत नाही?"

आईचा चेहरा उतरला. "मालक असताना येगळं ताट कशापायी, बाई?"

आमच्यात बायको नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते. वेगळं ताट तिच्या वाट्याला येतं ते कुंकू पुसल्यावर. बाई शहरातल्या, त्यांना हे समजायला वेळ लागला. तोवर अण्णा हळूच म्हणाले, "मी संपवलं तर हिला कोरडी भाकरीच राहते. ही स्वतःसाठी दूध, अंडं घ्यायची न्हाय. म्हणून ठेवतो."

ते उपाशी राहून तिला घास ठेवत होते, आणि घासही कसला! मुलांना एकमेकांच्या तांब्याला तोंड लावू नका म्हणून शिकवणारा माणूस हा. मला दोघांचाही भयंकर राग आला. आई पावसाळ्यापासून खोकत होती. आम्ही म्हणत होतो, चुलीचा धूर.

बाईंनी त्याच दिवशी आईच्या छातीचा फोटो काढायला लावला. डाग निघाला. ताटामुळं की एका खोलीत राहून, ते डॉक्टरही सांगेनात. वेळेत कळलं, सुया घेतल्या तर बरी होईल, एवढं म्हणाले.

घरी आल्यावर अण्णांनी स्वतः दोन ताटं मांडली. दोन्हींत दूध, दोन्हींत अंडं. बाईंनी बजावलं होतं, एकमेकांसमोर बसून संपवा. आई आपल्या ताटापुढं बसली खरी, पण घास उचलेना. डोळ्यांतून नुसती धार लागली होती.

"जेव," अण्णा म्हणाले. "मी हाय की अजून."

मग ती जेवली. सगळं संपवलं. पण डाव्या हातानं धरलेलं मंगळसूत्र तिनं उठेपर्यंत सोडलं नाही.