सत्तेचाळीस पेपर आणि एक बसथांबा

शिकागोच्या प्रल्हादकाकांच्या मते फोनवर बातम्या वाचणारा माणूस म्हणजे ताटाचा फोटो बघून ढेकर देणारा माणूस. त्यांना पेपर कागदाचाच लागतो. आधी गावातल्या बातम्या, मग हवामान; जागतिक नेत्यांचा नंबर दुसऱ्या चहाला. निवृत्त इंजिनिअर असल्यामुळे शहरात कुठेही खड्डा पडला की झोप मात्र यांची उडते.

यंदा फेब्रुवारीत चार ओळींची बातमी आली. डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे शिकागोतल्या देशी बाजाराच्या रस्त्यावर, देवांगभाईंच्या किराणा दुकानासमोरचा बसथांबा काढायचा विचार होता आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला शेजारच्या लायब्ररीत नागरिकांची बैठक होती. पुढचा थांबा दोन चौक पलीकडे. पण काकांच्या बायको वसुधाकाकू गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालतात. ड्रायव्हिंग कधीच सोडलंय. आठवड्यातून तीनदा त्या बसने एकट्या डेव्हनला जातात, नावाला भाजी आणायला, खरं तर मैत्रिणींशी गप्पा मारायला. बर्फातून दोन चौक चालणं त्यांना जमणारं नव्हतं. थांबा गेला असता तर अख्खा हिवाळा खिडकीत.

काकांनी संपादकांना पत्र लिहिलं. काकूंनी त्याची पाच पानं कापून अकरा ओळी केल्या. आणि बैठकीच्या दिवशीच सकाळी ते छापून आलं, काकांच्या नावासकट, बैठकीच्या वेळेसकट.

काका घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडले. देवांगभाईंचं दुकान, औषधांचं दुकान, पेट्रोल पंप, जिथे दिसला तिथला पेपर त्यांनी उचलला. तासाभरात सोफ्यावर सत्तेचाळीस प्रती. नागपूरच्या नातेवाइकांना वीस, फ्रीमाँटला मुलाला, अनीशला दोन (एकीवर तो चहा सांडणारच), एक लॅमिनेट करायला, अशी वाटणीही सुरू झाली.

काकूंनी ढिगाकडे बघितलं. "अहो, डेव्हनवरचे सगळे पेपर आपल्या सोफ्यावर. मग बैठकीला येणार कोण, हा सोफा?"

काकांचा चेहरा जो उतरला, तो दोन मिनिटंच. मग वॉकरच्या सीटवर गठ्ठा बांधून दोघं बसमध्ये चढले. काकांनी बसमध्येच पत्र मोठ्यांदा वाचून दाखवलं, त्यातही "आदरणीय संपादक" जरा जास्तच मोठ्यांदा. ड्रायव्हरने एक प्रत मागून घेतली. देवांगभाई दर पिशवीत मेथीच्या जुडीबरोबर एक पेपर सरकवू लागले, साडीवालीने काचेवर चिकटवला. काकू मैत्रिणींना एकामागून एक फोन लावत होत्या. दुपारी तीनला सगळा गठ्ठा संपला.

संध्याकाळी लायब्ररीत खुर्च्या वीस, माणसं साठ. बससेवेची अधिकारी बाई बिचारी दरवेळी तीन डोकी बघून घरी जाणारी. एवढ्या लोकांना कळलं कसं, असं तिने विचारलं.

"मेथीतून," मागून कोणीतरी म्हणालं.

काकूंनी उभं राहून एवढंच सांगितलं की बसमध्ये चढायला त्यांना कोणाची मदत लागत नाही, पण बसपर्यंत दोन चौक बर्फ तुडवायचा झाला तर लागेल, आणि ती त्यांना नकोय. तासाभराच्या चर्चेनंतर बाईने जाहीर केलं की थांबा आहे तिथेच राहील.

टाळ्या वाजवत सगळे बाहेर आले आणि त्याच थांब्यावर गर्दी करून उभे राहिले. बस आली ती अर्धी भरलेली. काकूंना बघून पुढच्या सीटवरची मुलगी उठली, बाकीचे दाटीवाटीने आत शिरले, आणि दार लागलं तेव्हा काका खाली फुटपाथवर.

काकूंनी काचेवर टकटक केली. काकांनी दोन्ही हात हलवून ओरडून सांगितलं, "तू जा पुढे. इथे पुढचीही बस थांबणार, उद्या पेपरातच येईल."