पाळीच्या आतले

रामाजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. मोहगावजवळच्या त्याच्या वस्तीला मातीच्या उंच पाळीचा वेढा आहे. ती कोणी घातली, कोणाच्या भीतीने, देव जाणे. कोणी राक्षसाचं नाव घेतं, कोणी लुटारूंचं. पाळीला लागून आतल्या अंगाने खोल खंदक आहे, त्यात म्हशी डुंबतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक टोपलं काळी माती पाळीवर पडलीच पाहिजे, ही रीत. रामाजीने ती कधी चुकवली नाही. बायको कलाबाई गेली त्या वर्षी सुतकातही टोपलं उचललं, लोकांनी नावं ठेवली तर ठेवोत!

एकुलता एक मुलगा भूपेंद्र लहानपणापासून नागपूरला शिकला, तिथेच नोकरीला लागला. पोराने परत यावं, म्हाताऱ्याला दुसरं काही नको होतं. पण संत्र्याचा बगिचा पाळीच्या आत, आणि बाहेर पडायला बैलगाडीपुरती एकच वाट.

"बाबा, वाट रुंद करू. ट्रक आत आला का मी पण येतो," भूपेंद्र म्हणाला. पोराच्या मायेपुढे रीत ती काय! रामाजी कबूल झाला.

जेसीबीने वाटेच्या कडेची पाळ कापली आणि आतले थर उघडे पडले. आतल्या अंगाला काळी माती, थरावर थर. बाहेरच्या अंगाला तसेच थर, पण तांबडे. तांबडी माती त्या शिवारात कुठेच नाही.

"बाहेरून कोन टाकून राहिलं, बाबा?"

"कोनी नाई. तिकडं कोन रायते?"

भूपेंद्र खंदकाकडे बघत राहिला. "दुश्मन बाहेर असता तर खंदक बाहेर खोदला असता ना. हा आपल्याकडून काहून हाय?"

रामाजी हसला. बघायला जमलेल्या वस्तीतलं कोणी त्याच्यासोबत हसलं नाही.

सकाळी जाऊन बघतात तर वाट बुजलेली. तांबडी, ओली माती, टोपल्या पालथ्या घातल्यासारखे ढीग. माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट तेवढी उरली होती. जन्मभर ज्यांच्यात जेवला-खाल्ला ती वस्तीतली साधी माणसं रामाजीला आठवली, आणि मग त्याने स्वतःचे हात पाहिले. असं काय आहे आपल्यात?

भूपेंद्रने फावडं उचललं. "मी पुन्हा खोदतो. आता मी नाई जात, बाबा."

हेच ऐकायला म्हातारा इतकी वर्षं कानात प्राण आणून बसला होता. त्याने फावडं हिसकावून घेतलं.

"निघ तू. तू बाहेर वाढला, तुले ते जाऊ देतीन."

"अन् तुमी?"

"निघ म्हनतो ना!"

पोरगा रडत रडत फटीतून पलीकडे गेला. पावलांचा आवाज थांबेपर्यंत रामाजी उभा राहिला. मग त्याने शेतातून टोपलंभर काळी माती आणली आणि पोळा नसताना, आतून, त्या फटीत ओतली. पोराला परत यायला वाट उरू नये म्हणून तो दुसरं टोपलं भरायला वळला.