डबीतली संत्र्याची साल

पाइपची तंबाखू चिमटीत दाबली की क्षणभर धरून राहावी आणि मग हळूच सुटावी. एवढाच ओलावा तिला लागतो. फागुनात आमच्या सौसरला ती दोन दिवसांत भुसा होते आणि ओढली की जीभ भाजते. रिटायर झाल्यावर मी हा शौक धरला, तेव्हा कोणीतरी सांगितलं की डबीत फळाच्या सालीचा नखाएवढा तुकडा ठेवावा. आम्ही संत्रेवाले, नखाएवढं कशाला ठेवू? बगीच्यातल्या अख्ख्या संत्र्याची ओली साल मी डबीत कोंबली, झाकण घट्ट लावलं आणि आठ दिवस लेकीकडे पांढुर्ण्याला जाऊन राहिलो.

परत येऊन झाकण उघडलं तर आंबूस, कुबट वास थेट घशात गेला. सालीवर हिरवी बुरशी चढली होती आणि खालची तंबाखू बोटांना बुळबुळीत लागत होती. मला ओकारीच आली. साल मी अंगणातल्या बकरीपुढे टाकली. एरवी संत्र्याच्या सालीसाठी दावं तोडायला निघणारी ती बकरी, तिनं नुसतं हुंगलं आणि मान फिरवली.

मी मात्र वरचा थर खरवडून उरलेली तंबाखू पाइपात भरली. ती धड पेटत नव्हती. प्रत्येक झुरक्याला नळीत गुडगुड व्हायची आणि कडू पाणी जिभेवर यायचं. मी थुंकायचो आणि पुन्हा काडी ओढायचो.

बायको दारातून बघत होती.

"बकरीनं तोंड नाही लावलं त्याले," ती म्हणाली, "अन् तुम्ही ओढून राहिले."