विंचची परीक्षा

नाथसागरावर माझी शिडाची जुनी होडी आहे. शिडाचा दोर ताणणारे तिचे दोन्ही विंच झिजले, म्हणून मी मुंबईहून नमुन्याला एक लहान आणि एक मोठा मागवला. मला लहानच हवा होता. मोठे विंच म्हाताऱ्यांसाठी, हे माझं ठाम मत.

बायको म्हणाली, "फुलंब्रीला विहिरीवर नवा रहाट बसवला, की सासूबाई घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला पहिली बादली ओढायला लावायच्या. त्याला जमलं तरच रहाट ठेवायचा."

तिनं अंगणात फळीवर दोन्ही विंच बसवून घेतले, लिंबाच्या फांदीवरून ज्वारीचं पोतं टांगलं आणि मोडून जुळलेल्या उजव्या हातानं दांडा फिरवला. लहान विंचवर पोतं हललं नाय. मोठ्यावर सावकाश वर गेलं.

"अगं, पण होडी मी चालवतो!" मी चिडलो. "तुझ्या हाताचा काय संबंध?"

"इतकी वर्षं डबा घेऊन काठावर बसले," ती म्हणाली. "आता नाय बसणार."

मोठेच घेतले. ते बसवले त्या रविवारी वारा सुटला. तिनं शीड ताणलं आणि मी सवयीनं मागं वळून बघितलं. काठावर वाट बघणारं कुणीच नव्हतं.