तक्त्यावरचा बावन्न वर्षांचा माणूस

बंदरावर फाटकी जाळी शिवणाऱ्या माणसाला वटवाघळांच्या कामावर कोण घेईल? पण डॉक्टरताईंनी घेतलं. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी केसासारखी बारीक जाळी बांधली होती. तिन्हीसांजेला वटवाघळं बाहेर पडली, त्यातली काही अडकली आणि ती सोडवताना ताईंच्या शिकल्यासवरल्या मदतनिसांनी एकाचा पंख फाडला. धक्क्यावरून घरी चाललेला हा गृहस्थ थांबला, "सरका जरा" म्हणाला आणि गाठ सोडवावी तसं पुढचं वटवाघूळ अलगद मोकळं करून त्यानं ताईंच्या हातात दिलं. त्या दिवसापासून तो 'जाळीदादा' झाला.

काम सहा वर्षं चाललं. वटवाघळाची लाळ घ्यायची, रक्ताचा थेंब घ्यायचा आणि त्याला सोडून द्यायचं. ताई समजावून सांगायच्या, "दादा, यांच्या अंगात विषाणू असतात, पण यांना त्यांचं काही होत नाही. तेच माणसात शिरले की माणसं पटापट मरतात. आग लागल्यावर धावण्यापेक्षा ठिणगी आधीच हुडकायची." त्याला हे फार पटलं होतं. धक्क्यावरचे लोक "काय, सासुरवाडीला निघाला का?" म्हणून खेचायचे, तेव्हा तो त्यांना हीच ठिणगी ऐकवायचा. दर सहा महिन्यांनी ताई त्याचंही रक्त घ्यायच्या. "काही निघालं तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन," असा त्यांचा शब्द होता. त्यानं तो कधी कागदावर मागितला नाही. बहीण मानलेल्या बाईकडून लिहून कोण घेतं?

चौथ्या वर्षी हातमोज्यातून एक दात लागला. तीन आठवड्यांनी त्याला ताप भरला, अंग ठणकलं, खोकून खोकून बरगड्या दुखल्या. आईनं त्याच्या उशाशी बसून सगळं केलं. तो उठून बसला, ताईंनी घरी येऊन रक्त नेलं आणि "साधा ताप होता" असा निरोप आला. मग आई आजारी पडली. ती इस्पितळात नऊ दिवस होती. त्याची मुलगी आजीजवळ राहायची, तिचं तोंड पुसायची, तिच्या पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकायची. म्हातारपणाचा न्यूमोनिया, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आई गेली. ताई भेटायला आल्या, मुलीला जवळ घेऊन रडल्या. त्या रडण्याचं त्याला किती अप्रूप वाटलं होतं!

पुढे दोन वर्षांनी शास्त्रज्ञांची मोठी सभा भरली. मानपत्र द्यायचं म्हणून ताईंनी त्यालाही बोलावलं. धुतलेला शर्ट घालून तो मुलीबरोबर गेला. दालनात भिंतीभर छापील तक्ते लावले होते. मुलगी प्रयोगशाळेचं शिक्षण घेत होती, ती एकेक वाचत चालली होती. बोगद्याच्या तक्त्यापाशी ती थांबली ती थांबलीच.

"बाबा, तुमचं वय तेव्हा किती होतं?"

"बावन्न. का?"

तिनं बोट ठेवून वाचलं, "पुरुष, वय बावन्न, जाळी लावणारा. तापाच्या तेराव्या दिवशी घेतलेल्या रक्तात विषाणू येऊन गेल्याची खूण आढळली." पुढे तपासणीची तारीख होती. ती तिला पुन्हा वाचावी लागली नाही. आजीला इस्पितळात नेण्याच्या आठवडाभर आधीची ती तारीख होती.

ताई हसत समोरून आल्या आणि दोघांचे चेहरे बघून जागीच थबकल्या.

"हा माणूस मीच ना, ताई?"

"दादा, आपण बाहेर बोलू."

"इथंच बोला. इथं सगळ्यांना ठाऊक आहे, मीच तेवढा राहिलोय."

ताईंनी आवाज खाली आणला. "निकाल पक्का नव्हता. तेव्हाच जाहीर केलं असतं तर बोगदा बंद झाला असता, सगळं काम थांबलं असतं. आणि दादा, यावर औषध नाही. आईंना वाचवता आलं नसतं."

"नसेल वाचवता आलं. पण माझी पोरगी तिच्या उशाशी बसली नसती. तिचं उष्टं पाणी प्यायली नसती. तेवढ्यासाठी तरी मला सांगायचं होतंत."

"त्यांना तोच आजार होता हे सिद्ध झालेलं नाही."

"कसं होणार? तुम्ही तिचं रक्त घेतलंच नाहीत."

मानपत्र न घेता बापलेक परत आले. सबंध वाटेत तो एवढंच बोलला, "पंख फाटू नये म्हणून किती जपायच्या गं त्या."

दुसऱ्याच दिवशी त्यानं मुलीचं रक्त दुसऱ्या ठिकाणी तपासायला दिलं. ते स्वच्छ निघालं. मग दोघांनी ताईंच्या संस्थेला तक्रार लिहिली. चौकशी झाली, 'खेद वाटतो' असं पत्र आलं आणि ताईंच्या हातून ते काम गेलं. बातमी धक्क्यावर पोचली तेव्हा चारजण बोगद्यात धूर करायला निघाले. तोच त्यांना आडवा आला. "धूर केलात तर ती तुमच्या माळ्यावर येऊन बसतील. बोगद्यात जाऊ नका, त्यांनी कुरतडलेलं फळ खाऊ नका, ताप आला तर लपवू नका. मारून काय मिळणार? त्यांनी मला कुठला शब्द दिला नव्हता." त्यातल्या दोघांनी त्याच्या हातचा चहा घेणं मात्र तेव्हापासून सोडलं.

एकदा ताई घरी आल्या. ज्याचं रक्त, त्याला आठ दिवसांत निकाल द्यायचा, असा नियम संस्थेनं केला होता. त्याची प्रत त्या घेऊन आल्या होत्या. त्यानं ती दारातच उभ्या उभ्या पुरती वाचली.

"चांगला आहे नियम," तो म्हणाला.

"दादा, मला माफ..."

"आई असती तर तिनं तुम्हाला आत बोलावलं असतं," तो म्हणाला. "मला नाही जमत."

ताई पायऱ्या उतरून गेल्या. तो जाळं शिवायला धक्क्यावर गेला, पण त्या दिवशी त्याच्या हातून एकही गाठ नीट बसली नाही.