पाणी धरणारं नाव

अख्ख्या लातुरात असं एकही स्वयंपाकघर नसेल, जिथे आमच्या चाचांचं अक्षर पोचलं नव्हतं. बारावीच्या क्लाससाठी हदगावहून आलो, तेव्हा मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. चाचा भांड्यांवर नावं घालायचे. पण निमूटपणे नाव घालतील तर ते चाचा कसले! आधी गिऱ्हाइकाला बसवायचे, ज्याचं नाव घालायचं त्याची सगळी हकीकत ऐकायचे आणि मगच मशीन हातात घ्यायचे. एका नव्या जावयाचं नाव त्यांनी ताटावर मुद्दाम मुंगीएवढं घातलं. सासऱ्यानं विचारलं तर म्हणाले, "लई रुसून राहिला म्हणता ना तो? आधी नीट वागू द्या, मंग मोठं करून देतो."

स्वतःची हकीकत मात्र त्यांनी एकदाच सांगितली. त्यांची धाकटी बहीण रशीदा भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावात नांदत होती. तिथे घाईघाईत सगळ्यांचं एकत्रच दफन झालं. बहिणीची जागा कोणती, ते चाचांना कधीच कळलं नाही. जन्मभर लोकांची नावं घातलेल्या माणसाला तिचं नाव घालायला दगडसुद्धा मिळाला नव्हता.

पुढे गावात क्लास वाढले, गुणवंतांच्या ढाली वाढल्या आणि चाचांनी लेझरचं मशीन घेतलं. स्वतःच्या हातचं अक्षर कॉम्प्युटरात चढवून घेतलं. फावल्या वेळात स्टीलच्या पत्र्यावर उगाच दाट रेघा मारत बसायचे. मी तोवर विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायला लागलो होतो. एके दिवशी चाचा एसटीनं आले आणि थेट वर्गात शिरले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळपट पत्रा.

"बेटा, महिन्यामागं ह्याच्यावर पाणी टाकलं तं सगळीकडं पसरलं. आता टाकलं तं मोत्यावाणी पळून राहिलंय. पत्रा बिघडला का माझं डोस्कं?"

पोरं खो खो हसली. मी सांगितलं, "लेझरनं पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे-उंचवटे होतात. ताजा पत्रा पाणी ओढून घेतो. मग हवेतला तेलकटपणा हळूहळू त्यावर बसतो आणि पाणी टेकतच नाही."

"अन् पुन्हा लेझर मारला तं?"

"तेवढी जागा पुन्हा पाणी धरेल."

चाचा चहासुद्धा न घेता परत फिरले.

पंधरा दिवसांनी मी लातूरला गेलो. त्यांनी तोच पत्रा परातीत तिरका धरला आणि तांब्यानं पाणी ओतलं. सगळं पाणी घरंगळून गेलं आणि काळ्या पत्र्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात, निव्वळ पाण्याचं, एक नाव थरथरत उरलं. रशीदा.

"हे बी जाईल ना महिन्याभरात?" त्यांनी विचारलं.

"टिकेल असा काही इलाज शोधू का, चाचा?"

"न्हाई, नको. पुन्हा घालीन. तेवढंच बहिणीकडं जाणं-येणं राहील."

ते जाणं-येणं त्यांनी शेवटपर्यंत चुकवलं नाही. चाचा गेल्यावर त्यांच्या मुलीनं पत्रा आणि कॉम्प्युटरातलं ते अक्षर माझ्याकडे पाठवून दिलं. कॉलेजात लेझरचं मशीन आहेच. परवा मी पत्र्यावर पाणी ओतत होतो, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, रशीदा कोण?"

"माझी आत्या," मी म्हणालो.