आधी सोंगणी, मग पेरणी

राजापेठेतल्या माझ्या शिकवणीच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण परदेशी सिनेमे पाहतो. खिडक्यांना जुन्या चादरी लावतो, बाकांवर उशा टाकतो आणि ज्या देशाचं नाव नीट उच्चारता येत नाही, तिथल्या माणसांसाठी डोळे पुसतो. आठवडाभर मी इथे गणित शिकवते. रविवारी मला कुणाला काही शिकवावं लागत नाही, याबद्दल मी देवाची आणि पालकांची आभारी आहे.

सिनेमे आणतात ते अकोल्याचे सर. जुन्या शहरात राहतात, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, आणि पेन ड्राइव्ह खिशात टाकून सकाळच्या गाडीने येतात. त्यांचा एक नियम आहे. सिनेमा संपल्यावर प्रत्येकाने बोललंच पाहिजे, नुसतं 'आवडला' म्हणून सुटका नाही. त्यामुळे आम्ही बोलण्यात फार पटाईत झालो आहोत.

सासूबाई गेल्या आणि तीन महिन्यांनी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही वलगावहून इकडे आणलं. जन्मभर वावरात राबलेला माणूस, पण आता बोलणंच सोडलेलं. सासूबाईंचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे. "हा महिना काढतो अन् जातो," एवढंच म्हणायचे. तिकडे जाऊन त्या बंद घरात एकटे राहणार, चूल पेटली तर पेटली. मला त्याचीच धास्ती होती. नवऱ्याने समजावून पाहिलं, पण वडिलांपुढे त्याची डाळ कधी शिजलेलीच नाही. घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून रविवारी मी त्यांना हॉलमध्ये नेऊन बसवायची. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून ते बसायचे. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी हळू आवाजात त्यांना गोष्ट सांगायची आणि ते मान हलवायचे.

त्या रविवारी सरांनी कुठल्याशा डोंगराळ मुलखातला जुना, काळा-पांढरा सिनेमा आणला. फायली दोन, आणि दोन्हींची नावं तिकडच्या लिपीत. "ही पहिली असावी," म्हणून सरांनी एक लावली. सिनेमा मधूनच कुठूनतरी सुरू झाला. तासाभरात त्यातली म्हातारी बाई वारली आणि पडद्यावर मोठी अक्षरं आली. आम्हाला ते प्रकरणाचं नाव वाटलं. दुसरी फाइल लावली तर वाजतगाजत सगळ्या नटांची नावं आली. सर खुर्चीत सावरून बसले. "मध्यावर नावं! काय हिंमत आहे," म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं. मामाजींना मात्र काही सांगता येईना, कारण मलाच काही कळत नव्हतं.

मग चर्चा रंगली. एकजण म्हणाले, काळ गोल फिरतो हे यात दाखवलंय. मी म्हणाले, मरण ही सुरुवात आहे असं दिग्दर्शकाला सुचवायचंय. सर खूश झाले. शेवटी नियमाप्रमाणे त्यांनी मागे पाहिलं. "बाबाजी, तुम्ही?"

"मले काय समजते," मामाजी म्हणाले. "पन पेरनीच्या आंधी सोंगनी कशी झाली? गहू सोंगला, खळं झालं, बाई मेली. अन् मंग तेच वावर पेरून राह्यले, अन् तीच बाई जवान होऊन भाकर करून राह्यली. तुमी मांगचं पुढं लावलं."

कापणी आधी आणि पेरणी नंतर, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सरांनी लॅपटॉपमध्ये डोकं घालून शोधाशोध केली, ती मोठी अक्षरं म्हणजे 'समाप्त' निघाली, आणि त्यांनी मामाजींना हात जोडले. मी वहीतलं पान फाडलं. शहाण्या माणसांची इतकी छान फजिती मी पूर्वी पाहिली नव्हती.

पुढच्या रविवारी तोच सिनेमा सुलट लावला. बाई नवरी होऊन आली, नवऱ्याबरोबर तिने वावर पेरलं, घर चालवलं, म्हातारी झाली, वारली. तिचा म्हातारा दारात एकटा बसून राहिला आणि सिनेमा संपला. मी चादरी काढायला उठले. मामाजींनी मला थांबवलं. टोपीने डोळे पुसत होते.

"सूनबाई, मांगच्या रैवारीच बरं होतं," ते म्हणाले. "ती मेली, तरी उठून भाकर करून राह्यली होती. एक डाव तसाच लाव नं."

सरांची परतीची गाडी होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फायली उलट्या लावल्या. बाई वारली, मोठी अक्षरं आली, नावं आली, आणि ती चुलीपाशी पीठ मळायला बसली.

"तुही सासूबी अशीच बसे," मामाजी म्हणाले. "एक पाय लांब करून. पहिली भाकर मलेच वाढे."

मग सिनेमा संपेपर्यंत ते तिच्याबद्दलच बोलत राहिले. मी काळोखात बसून रडत होते, आणि सरांच्या त्या घोडचुकीबद्दल मनापासून त्यांचे आभार मानत होते. महिना संपला. मामाजी वलगावला गेले खरे, पण मला सोबत घेऊन. बंद घर उघडलं, झाडून घेतलं, सासूबाईंची परात पोत्यात घातली आणि म्हणाले, "चाल, रैवारच्या आत वापस पोचू."